शब्दचर्चा: घड्याळाचे 'बेझल' म्हणजे कोंदण?

प्रश्न : तबकडी, काटे, पट्टा, किल्ली हे शब्द आपल्याकडे मुरलेले आहेत. पण काचेभोवतीच्या धातूच्या कड्याला, म्हणजे बेझलला, मराठीत काय म्हणाल?

– 'चौकट' चालेल की.

– गोल घड्याळाला चौकट? मी 'कोंदण' म्हणेन. सराफाकडे खडा ज्या कडेत बसवतात तिलाही इंग्रजीत बेझलच म्हणतात. घड्याळात खड्याच्या जागी काच, एवढाच फरक.

आणि माझं मत विचाराल तर महागड्या घड्याळाची पारख कोंदणावरच होते. घड्याळांचे रेखाटनकार जेराल्ड जेंटांनी ओदमार पिगे या स्विस कंपनीसाठी रेखाटलेलं, १९७२ साली आलेलं रॉयल ओक घ्या. स्टीलचं घड्याळ, ३९ मिमीचं, त्या काळाच्या मानाने थोराड. अष्टकोनी कोंदणावर आठ षटकोनी स्क्रू उघडे ठेवलेत. वरच्या सपाट भागावर बारीक उभ्या रेघा आणि कडेच्या उतारावर आरशासारखी जिल्हई. मनगट जरा वळवलं की तेवढीच कड चमकते. नंतर कित्येकांनी स्क्रूंची नक्कल केली, पण त्यातले बरेचसे नुसते चिकटवलेले. नाकात चमकी घालावी तसे.

– माफ करा, रॉयल ओकच्या स्क्रूंवरच्या खाचाही शोभेच्याच आहेत. षटकोनी डोकी तशाच आकाराच्या खळग्यात बसतात, ती फिरूच शकत नाहीत. आवळतात ते मागच्या बाजूने.

– बरोबर, म्हणून तर आठही खाचा गोलाईला धरून ओळीने राहतात! खाच शोभेची असेल, स्क्रू शोभेचा नाही. तो कोंदणापासून मागच्या बाजूपर्यंत आरपार जातो आणि मधलं रबर दाबून पाणी अडवतो. असा दिखाऊपणा मला चालतो.

– मग पाणबुड्यांच्या घड्याळाचं फिरतं बेझल? ब्लँकपेनच्या १९५३ च्या फिफ्टी फॅदम्सचं कुठे काच धरून ठेवतं? ते पाण्याखाली किती मिनिटं गेली ते दाखवतं.

– तिथे कोंदण म्हणू नये, 'फिरतं कडं' म्हणावं. ओमेगाच्या १९५७ च्या स्पीडमास्टरवर वेग मोजायचे आकडे तबकडीवरून उचलून बाहेर बेझलवर नेले, तिथे सरळ 'आकड्यांचं कडं'.

– म्हणजे एका बेझलला दोन शब्द?

– हो. धरून ठेवतं ते कोंदण, मोजतं ते कडं. हिरे जडवलेल्या बेझलला काय म्हणायचं ते सराफांनाच विचारा, मला ती घड्याळं बघवत नाहीत.