अनुभव धागा : तरुण संघ, मंडळ, शिबिर... तुम्हाला खरं किती सांगितलं गेलं?

माझी भाची अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीनं तिला 'करिअर मार्गदर्शन व व्यक्तिमत्त्व विकास' अशा दोन दिवसांच्या शिबिराला नेलं. पत्रकावर जागा होती, वेळ होती, फी होती. शिबिर कुठल्या मंडळीचं, म्हणजे कुठल्या चर्चचं, आहे ते मात्र कुठंच नव्हतं. करिअरवर पहिल्या दिवशी दोन तास झाले. बाकी गाणी, प्रार्थना आणि रात्री दिवे मंद करून 'आजच निर्णय घ्या' असं आवाहन. घरी आल्यावर ती म्हणाली, "मावशी, प्रार्थना वाईट नव्हती गं. पण आधी सांगितलं असतं तर जायचं की नाही ते मी ठरवलं असतं."

आम्ही स्वतः ख्रिस्ती आहोत, तरी मला हे लागलं. अमेरिकन मिशनरी वाइल्डर पती-पत्नी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यानंतर इथं मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांतल्याच एका मंडळीत माझी आजी, आई आणि मी वाढलो. तरुण संघात मी ९ वर्षं होते, त्यातली ३ वर्षं खजिनदार. चारचौघांत उभं राहून बोलायला मी तिथं शिकले. संघ नसता तर मी कोण झाले असते, मला सांगता येत नाही. म्हणूनच हा धागा काढतेय.

फक्त चर्चबद्दलच लिहा असं नाही. तालीम, गणेश मंडळ, जैन पाठशाळा, मशिदीची पोरांची कमिटी, हरिनाम सप्ताह, सगळं चालेल. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी इथं वसतिगृहं उभी केली. समाजाच्या, धर्माच्या नावानं पोरं एकत्र येणं आणि घडणं या गावाला नवं नाही. तुम्हाला काय सांगून बोलावलं, पैशाचं काय झालं, तुम्ही विश्वासानं सांगितलेलं कुठं गेलं, ते लिहा. संस्थेचं किंवा माणसाचं नाव नको. जे आज अशी कामं चालवतात त्यांनीही लिहावं, त्यांची मला जास्त वाट आहे.

कसबा बावडा

पन्हाळ्यावरचं शिबिर. मी १९ वर्षांचा. 'साक्ष' म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी लिहून नेली होती. आमचे लीडर, आम्ही दादा म्हणायचो, वाचून म्हणाले, "जरा फिकी आहे रे. पोरं हलली पाहिजेत."

मी मित्राबरोबर रंकाळ्यावर दोनदा सिगारेट ओढली होती. व्यासपीठावर जाईपर्यंत त्याचं 'मी व्यसनात पूर्ण बुडालो होतो' झालं. घरातून पैसे चोरायचो हेही त्यात आलं, ते तर कधी घडलंच नव्हतं. मुलं रडली. दादांनी पाठीवर हात ठेवला, आणि तो हात मला हवा होता हे आज कबूल करतो.

शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. मला पुन्हा उभं केलं. आई तिसऱ्या रांगेत बसलेली. परत येताना वाघबिळापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग विचारलं, "कुठल्या डब्यातले घेत होतास?"

खरं सांगायला मला दोन वर्षं लागली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी तेव्हापासून डबा कुलपात ठेवते."

मधल्या काळात तीच साक्ष मी आणखी चार ठिकाणी दिली होती आणि दर वेळी ती थोडी वाढली होती. कुणी विचारलं नाही. देवाचं नाव घेऊन बोलणाऱ्याला 'खरंच का रे?' विचारायचं म्हणजे विचारणाऱ्याचाच विश्वास कमी, असं वातावरण होतं. आता संघात मी मुलांची साक्ष बसवतो तेव्हा एकच विचारतो, हे तुझ्या आईसमोर असंच सांगशील का? गेल्या महिन्यात एका मुलीनं सांगितलं की परीक्षेच्या आदल्या रात्री प्रार्थना केली आणि तिला झोप लागली. दीड मिनिट. मी त्यात एक शब्द घातला नाही.

शिवाजी पेठ, तालमीचा माजी खजिनदार

आमच्यात वर्गणीची पावती फाडतात, हिशेब पण होतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, आणि नंतर जमा-खर्च द्यावा लागतो. तो आम्ही देत होतो. पण तो कार्यालयात जायचा, गल्लीत नाही. गल्लीतली एक आजी दरसाल ५१ रुपये द्यायची. एकदा पावती हातात धरून म्हणाली, "बाळा, ह्यातलं देवाला किती जातंय रं?"

मला उत्तर आलं नाही. कागदावर 'सांस्कृतिक कार्यक्रम व इतर' असा एक आकडा होता. ते सगळं डॉल्बीचं भाडं होतं.

पुढच्या वर्षी मंडपाबाहेर फळा लावला आणि 'डॉल्बी' असं लिहून आकडा टाकला. तीन रात्री भांडणं झाली. एकानं फळा पुसला, मी परत लिहिला. त्या साली वर्गणी कमी झाली हेही खरं आहे, दोन व्यापाऱ्यांनी दिलीच नाही. त्याच्या पुढच्या साली पोरांनीच झांजपथक काढलं. आजी आता नाही. फळा आहे.

लक्ष्मीपुरी

घरी बाबांचं पिणं खूप वाढलं होतं. बारावीत होते. ज्या ताई आमचा मुलींचा गट घ्यायच्या त्यांना एकदा रडत रडत सांगितलं. त्यांनी जवळ घेतलं, प्रार्थना केली, मला खरंच हलकं वाटलं.

रात्री संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थना विषय आला : 'आपल्या एका बहिणीच्या वडिलांसाठी प्रार्थना करू या, दारूच्या बंधनातून सुटका व्हावी. नाव प्रभूला ठाऊक आहे.'

ग्रुपमध्ये ६४ जण. ज्या मुलीचे वडील कधीच उपासनेला येत नाहीत अशी मी एकटी. रविवारी तीन काकूंनी माझा हात दाबला. बाबांना कुणीतरी दुकानात येऊन 'आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय' म्हणालं. त्या रात्री घरात काय झालं ते इथं नको.

ताईंना मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "मी नाव कुठं घेतलं?" त्या वाईट नाहीत. त्यांना आजही वाटतं की त्यांनी फक्त प्रार्थना मागितली. मी त्यानंतर कुणाला काही सांगितलं नाही, ११ वर्षं झाली. हे पहिल्यांदा लिहितेय.

राजारामपुरी, शिबिरं घेणारी

वरची लक्ष्मीपुरीची पोस्ट वाचून मी अर्धा तास नुसती बसून होते. मीही असे विषय ग्रुपवर टाकले आहेत. आता आधी त्या व्यक्तीला मजकूर दाखवल्याशिवाय टाकणार नाही.

माझं लिहायचं ते शिबिरांबद्दल. पूर्वी आम्ही मुलांचे फोन काढून घ्यायचो आणि पालकांना सांगायचो, तिथं नेटवर्क नसतं. नेटवर्क असायचं. मुलांचं लक्ष लागावं हा हेतू चांगला होता, पण एक आई दोन दिवस लेकीला फोन लावत राहिली, आणि आमच्या सगळ्यांच्या खिशातले फोन चालू होते. आता संमतीपत्रावर तासातासाचा कार्यक्रम, कोण बोलणार, कुठल्या मंडळीचे, आणि रात्री उचलले जातील असे दोन मोठ्यांचे नंबर असतात. 'प्रार्थना व आवाहन होईल' हेही स्पष्ट लिहितो. नोंदणी थोडी घटली. मूल कुठल्याही मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत एकटं बसणार नाही, अगदी समुपदेशनालाही नाही, हा नियम केला.

नियम उगाच केला नाही. एका शिबिरानंतर १४ वर्षांच्या मुलीनं मला एका स्वयंसेवकाबद्दल सांगितलं. समितीत चर्चा झाली ती मंडळीच्या बदनामीची. आपापसात मिटवू, त्याला समज देऊ, त्यानं पश्चात्ताप केलाय. २०१२ च्या पॉक्सो कायद्याची कलमं १९ आणि २१ मी मोठ्यानं वाचून दाखवली : १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, न कळवणं हाही गुन्हा आहे. क्षमा करणं आणि कळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या खोलीत चार वेळा म्हणाले. मुलीच्या आईबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले. पुढचं सांगत नाही, ती त्या मुलीची गोष्ट आहे. मला पुढं तीन वर्षं कुठल्या व्यासपीठावर बोलावलं नाही. ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी लिहिते : मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

बिंदू चौकाजवळून

थोडं आमच्याकडचं. रमजानमध्ये आम्ही पोरं राशन किट वाटतो. एका वर्षी इफ्तारच्या मोठ्या कार्यक्रमाचा मंडप आणि बॅनर आम्ही त्याच पेटीतल्या पैशातून केला. हाफिजसाहेबांनी बोलावून विचारलं, पेटीत काय म्हणून टाकलं होतं लोकांनी? जकात, म्हणजे धर्मानं सांगितलेलं दान. वर्षभर शिल्लक राहिलेल्या मालावर अडीच टक्के, आणि ती कुणाला द्यायची ते आठ प्रकार कुरआनात सांगितलेले आहेत. मंडप त्यात नाही. आम्हाला वाटलं ते रागावतील. ते शांतपणे म्हणाले, तेवढी रक्कम तुम्ही स्वतः भरा आणि लोकांना सांगा की भरली. पैसे भरायला आम्हाला दोन महिने लागले. सांगायला हिंमत त्याहून जास्त लागली, शुक्रवारच्या नमाजनंतर उभं राहून सांगितलं. आता दोन पेट्या आहेत.

शाहूपुरी

आमच्याकडे जैन मंदिरात पंचकल्याणकाच्या, म्हणजे मूर्तिप्रतिष्ठेच्या, वेळी सवाल, म्हणजे मानासाठी देणगीच्या बोली, बोलले जातात. ज्याचा सवाल मोठा त्याचा मान. टाळ्या पडतात, नाव पुकारलं जातं. किती सवालांचे पैसे प्रत्यक्ष जमा झाले, हे आम्ही युवक मंडळाच्या सभेत विचारलं. उत्तर मिळालं, ते मोठ्या माणसांचं बघतात मोठी माणसं. अजून विचारतोय.

न्यू पॅलेस परिसर

२०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी पंचगंगेनं कधीच मागं टाकली होती. आमच्या संघानं आंबेवाडी-चिखलीच्या बाजूच्या लोकांना किट दिले. रात्रभर तांदूळ भरले होते, मोजून १४० पिशव्या. मी वही ठेवली होती.

महिन्यानं अहवाल आला. '५०० हून अधिक कुटुंबांपर्यंत पोहोचलो.' अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, एका किटमागे चार माणसं धर, होतात की साडेपाचशे. मी म्हटलं, ती माणसं झाली, कुटुंबं नव्हेत. ते म्हणाले, देणाऱ्यांना मोठा आकडा बघायची सवय असते, पुढच्या वर्षी कमी देतील.

मला जास्त दुःख याचं झालं की १४० हा लहान आकडा नव्हता. आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून त्या पिशव्या डोक्यावरून नेल्या होत्या. अहवालात १४० लिहिलं असतं तर तो कागद मी जपून ठेवला असता.

एक पाळक

सगळं वाचलं. मी एका चर्चचा धर्मगुरू आहे, काही ठिकाणी मला माझीच मंडळी दिसली.

माझ्या तरुणांना वाटायचं की रविवारचं अर्पण मोजून झालं की पाळक त्यातून घेतात. मला ते कळल्यावर आधी राग आला. मग लक्षात आलं, माझा पगार किती आणि तो कुठून येतो हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. आता वार्षिक सभेच्या कागदावर तो छापलेला असतो. अर्पण दोघं मोजतात, दोघं सही करतात, त्यात एक जण तरुण संघाचा असतो. पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम एकट्यानं नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली. प्रभूपुढंच नाही तर माणसांपुढंही जे योग्य ते करावं, म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात आहे. मी त्या अध्यायावर बरेच उपदेश केले, सगळे देण्याबद्दल. हिशेबाबद्दल एकही नाही.

लक्ष्मीपुरीहून ज्यांनी लिहिलं त्यांना सांगतो : तुमचं दुःख झाकायला हवं होतं आणि पैसा उघडा हवा होता. आम्ही बरेचदा नेमकं उलट करतो. ज्यांनी ते केलं त्यांच्या वतीनं मला माफी मागता येणार नाही, पण एक पाळक म्हणून मला वाईट वाटतं.

एका गोष्टीवर मात्र माझं मत वेगळं आहे. पत्रकावर सगळं लिहिलं तर मुलं येणार नाहीत, ही भीती फक्त लबाडांना नसते. चांगल्या, विनामोबदला राबणाऱ्या लीडरलाही असते. रिकाम्या खुर्च्या पाहिल्या की वाटतं देवाचं काम आपल्यामुळं अडलं. त्यांच्याशी बोलताना हे लक्षात असू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचून मला माझंही लिहायला हवं.

खजिनदार असताना एका डिसेंबरमध्ये कॅरलच्या, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघरी जायच्या, फेऱ्यांचे पैसे मोजले तर पावत्यांपेक्षा १,८४० रुपये कमी भरले. कुणी घेतले असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही नाही. रात्री दहानंतर, थंडीत, पाच पिशव्यांत पैसे फिरत होते. पण सांगितलं तर माझ्यावर येईल या भीतीनं मी ट्यूशनच्या पगारातून रक्कम भरली आणि वहीत 'बरोबर' लिहून सही केली. माझ्या हिशेबाचं वार्षिक सभेत कौतुक झालं. पैसे कसे हरवतात हे कुणाला कळलंच नाही, म्हणून पुढच्या वर्षीही तशाच पाच पिशव्या फिरल्या. माझ्यानंतरच्या खजिनदाराच्या वेळी पुन्हा कमी भरले, आणि त्या मुलानं खरं सांगितलं. लोकांनी त्याला सुनावलं : तिच्या वेळी कसं बरोबर यायचं?

तो मुलगा संघ सोडून गेला. मी त्या सभेत बसले होते आणि गप्प राहिले.

काल त्याचा नंबर शोधून फोन केला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या पप्पांना सांगशील का? त्यांना अजून वाटतं मीच घेतले."

रविवारी उपासनेनंतर त्यांच्या घरी जाणार आहे.