मदत हवी आहे: ८५ हजारांत गेमिंग लॅपटॉप, तोही अकोल्या-अमरावतीच्या उन्हाळ्यात चालणारा

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाला यंदा मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतोय. कॉलेज अमरावतीला, राहणं हॉस्टेलवर, घर अकोल्यात. त्याला लॅपटॉप गेमिंगचाच हवा आहे आणि त्याचा हा हट्ट मला पटलेला आहे. एक तर सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी तसंही १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागणारच. दुसरं म्हणजे सीईटीच्या अभ्यासात त्याने गेम्सना हात लावला नाही, आता मनासारखं खेळू दे असं मलाच वाटतं. बजेट ८५ हजार, बाबांचे आणि माझे मिळून. अगदीच ताणलं तर ९०. हप्त्यांवर काहीही घ्यायचं नाही असं घरात ठरलेलं आहे.

खेळणार काय, तर व्हॅलोरंट रोज, जीटीए ५ अधूनमधून, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी', आणि सायबरपंक २०७७ पहिल्यापासून शेवटपर्यंत. व्हॅलोरंटला फार मोठं कार्ड लागत नाही, प्रोसेसर चांगला असला की भागतं. अडतं ते सायबरपंकपाशी. त्याच्या किमान गरजांतच आता स्वतःची ६ जीबी मेमरी असलेलं ग्राफिक्स कार्ड, १२ जीबी रॅम आणि एसएसडीवर ७० जीबी जागा लिहिलेली आहे. म्हणजे एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांपैकी ४ जीबीची २०५० आणि २०२१ची ४ जीबीवाली ३०५० इथेच बाद होतात. दुकानात मात्र 'आरटीएक्स आहे ना, सगळं चालतं' म्हणून नेमके हेच लॅपटॉप आधी पुढे येतात. 'किती जीबीची?' असं विचारलं की मग दुसरा खोका निघतो.

सध्या तीन पर्याय समोर आहेत. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही, कारण प्रत्येक कंपनीकडे यातला एकेक नमुना आहे.

पहिला: ३०५० कार्डाची ६ जीबी आवृत्ती, कोअर आय५-१२४५०एच प्रोसेसर, जाडजूड बॉडी, दोन मोठे पंखे. ७२ हजार.
दुसरा: ४०५०, कोअर आय७-१३६२०एच, दिसायला सडपातळ, वजन दोन किलोच्या आत. ८२ हजार.
तिसरा: ४०५० च, पण रायझन ७ ७४३५एचएस, भरभक्कम, सव्वादोन किलोच्या वर. ८९ हजार.

कागदावर दुसरा सरळ जिंकतो. नवं कार्ड, दहा कोअरचा प्रोसेसर, हलकं वजन. भावाचंही मन त्यावरच आहे. मला तोच सगळ्यात जास्त खटकतोय आणि म्हणूनच हा धागा काढला.

एनव्हिडियाने लॅपटॉपच्या ४०५० ला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मुभा दिलेली आहे. नाव तेच, स्टिकर तोच, पण कुठल्या लॅपटॉपमध्ये कार्डाला किती वीज पुरवायची हे कंपनी ठरवते. सडपातळ बॉडीत उष्णता बाहेर काढायला जागा नसते, म्हणून तिथे ते ४५-५० वॅटवर बांधून ठेवतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा असा प्रकार होतो. मी दुसऱ्या पर्यायाचं माहितीपत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यात कळफलकाच्या दिव्यांचे रंग दिलेत, वॅटचा आकडा कुठेच नाही. दुकानदाराला विचारलं तर त्याने चार्जरवरचा आकडा वाचून दाखवला. चार्जरचा आकडा म्हणजे सगळ्या लॅपटॉपचा, कार्डाचा नव्हे.

आता आमच्याकडचा मुद्दा. यूट्यूबवर जे तापमानाचे तक्ते दाखवतात, ते बहुतेक एसीच्या खोलीतले असतात. पंखा लॅपटॉप थंड करतो तो खोलीतल्याच हवेने. त्यामुळे खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ८५ वर जात असेल, तर तेवढ्याच कामाला ४० अंशांच्या खोलीत तो शंभरीला टेकणार. प्रत्यक्षात तो तिथवर थांबत नाही, स्वतःचा वेग कमी करून घेतो आणि गेम अडखळायला लागतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अमरावती काही वेगळी नाही. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. घरी कूलर आहे, हॉस्टेलच्या खोलीत छताचा पंखा आहे. म्हणून मला वाटतं, आपल्या भागात कार्डाच्या नावापेक्षा थंड ठेवण्याची सोय आधी पाहायला हवी. पण हे माझं वाचीव ज्ञान आहे. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून ऐकायचंय.

बाकी गोष्टी थोडक्यात. स्क्रीन पहिल्या दोन्हींची १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ चित्रं), २५० निट्स (उजेडाचं माप), ४५ टक्के एनटीएससी (रंगांच्या आवाक्याचं माप), म्हणजे रंग फिके. तिसऱ्याची ३०० निट्स आणि पूर्ण एसआरजीबी, म्हणजे रंग नीट दिसणारी. शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा फिक्या स्क्रीनवर लाल रंग विटकरी दिसत होता. रॅम पहिल्यात ८ जीबीची एकच पट्टी आहे. 'नंतर वाढवून घ्या' असं सांगतात, पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की तो खर्च आताच हिशेबात धरायला हवा.

तर विचारायचंय ते असं: दुकानात उभं राहून कार्डाचे खरे वॅट कसे बघायचे? ३०५० घेऊन रॅम वाढवणं शहाणपणाचं, की ताणून तिसरा घ्यावा? आणि कडक उन्हाळ्यात गेमिंग लॅपटॉप वापरणाऱ्यांचा अनुभव काय?

प्रतिसाद (पुण्याहून)

ताई, वॅट बघणं सोपं आहे. दुकानात डेमोचा लॅपटॉप चालू करून घ्या, डेस्कटॉपवर राइट क्लिक करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा आणि त्यात सिस्टम इन्फर्मेशनमध्ये जा. तिथे जास्तीत जास्त ग्राफिक्स पॉवर वॅटमध्ये लिहिलेली असते. तिथे ४५ किंवा ५० दिसलं तर तो लॅपटॉप खाली ठेवा. ७५ च्या वर असेल तर विचार करा. ९५-१०० च्या पुढे मात्र ४०५० ला फार काही मिळत नाही, त्यामुळे ११५ च्या मागे धावू नका.

३०५० आणि ४०५० मध्ये आणखी एक फरक आहे. एनव्हिडियाच्या डीएलएसएस तंत्राचं अपस्केलिंग (लहान चित्र मोठं करून दाखवणं) दोन्हींवर चालतं, पण मधल्या फ्रेम्स, म्हणजे दोन चित्रांमधली जादा चित्रं, तयार करण्याची सोय ४० च्या मालिकेपासून (४०५० वगैरे) पुढेच आहे. सायबरपंकला तिचा उपयोग होतो. व्हॅलोरंटला शून्य. चारही वर्षं हाच लॅपटॉप चालवायचा असेल तर ४०५० च घ्या, फक्त नीट वॅटची. २०२५ मध्ये आलेली ५०५० ८ जीबीची आहे. ९० हजारांच्या आत चांगल्या बॉडीत कुठे मिळाली तर ती आधी बघा.

आणि रॅमची एकच पट्टी ठेवू नका. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्ही वाटांनी वाचतो आणि व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या खेळात फरक लगेच जाणवतो. घेण्याआधी रॅम बोर्डावर चिकटवलेली नाही ना, हेही विचारून घ्या. चिकटवलेली असेल तर वाढवायचा प्रश्नच संपला.

प्रतिसाद (चंद्रपूरहून)

उन्हाळ्याचं सांगतो. माझा जाड बॉडीवाला आहे, ३०६० चा. एप्रिल ते जून दुपारी बारा ते पाच मी जड गेम लावतच नाही, रात्री नऊनंतर खेळतो. खोलीचं तापमान तेव्हाही तिशीच्या वर असतं, पण चालतं. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फ्रेम्सना लगाम घालण्याचा. स्क्रीन १४४ ची आहे म्हणून १४४ फ्रेम्स काढायलाच हव्यात असं नाही. गोष्टीवाल्या गेमला ६० वर बांधा, कार्ड निम्म्या ताकदीवर चालतं आणि पंख्याचा आवाजही खाली येतो.

दुसरा उपाय फुकटचा आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करा. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं. व्हॅलोरंटमध्ये थोड्या फ्रेम्स जातील, सायबरपंकमध्ये कळणारही नाही. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर टाकून आधीचं आणि नंतरचं तापमान स्वतः बघा.

मागची बाजू बोटभर उचलून ठेवायची, हवा खालूनच आत जाते. गादीवर ठेवून खेळायचं नाही, हे भावाला बजावून सांगा. कूलरच्या थेट झोतासमोरही ठेवू नका. कूलरने खोली गार होते ते चांगलंच, पण झोताबरोबर पाण्याचा तुषार येतो. वर्षातून एकदा खालचं झाकण उघडून पंख्यातली धूळ काढून घ्या, उन्हाळा लागायच्या आधी.

प्रतिसाद

तिसऱ्या पर्यायात एक गोम आहे. रायझन ७ ७४३५एचएस मध्ये आतलं साधं ग्राफिक्स नाही. म्हणजे वर्गात नुसती पीडीएफ उघडली तरी मोठं कार्डच जागं राहतं आणि बॅटरी भराभर उतरते. इतर लॅपटॉप अशा वेळी मोठं कार्ड झोपवून प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर काम भागवतात. हॉस्टेलवर प्लग शेजारीच असेल तर हरकत नाही, पण दिवसभर वर्गात न्यायचा असेल तर भावाला हे आधी सांगा. याच किमतीला ७७३५एचएस किंवा १३४२०एच घातलेली जाड बॉडी मिळाली तर ती बरी. खेळाच्या दृष्टीने ४०५० बरोबर हे सगळे पुरेसे आहेत, आय७ च्या नावासाठी जास्त पैसे मोजू नका. उरलेले पैसे स्क्रीन आणि रॅममध्ये घाला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कंट्रोल पॅनेलची युक्ती लगेच वापरून पाहिली. दुसरा पर्याय ५० वॅटचा निघाला. भावाला स्क्रीनवर आकडाच दाखवला, तेव्हा त्याने स्वतःच तो यादीतून काढला. तिसरा ९५ निघाला.

७४३५एचएस चं मला माहीत नव्हतं, फार कामाचं सांगितलंत. सीनियर मुलांशी बोलल्यावर कळलं की वर्गात फारसा लागत नाही, ड्रॉइंगचं काम लॅबमध्ये आणि खोलीवर होतं. तरी सबमिशनच्या दिवसांत बॅटरी नसली की पंचाईत होणार, हे डोळ्यांसमोर आहे. म्हणून आता ४०५०, किमान ७५ वॅट, पूर्ण एसआरजीबी स्क्रीन आणि आत छोटं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, असा चौथा शोधतेय. रॅम दोन पट्ट्यांत १६ जीबी. नाहीच मिळाला तर तिसरा घेऊ.

एक नवीनच अडचण दिसली. तिसऱ्याच्या चार्जरला १६ अँपिअरचा प्लग आहे, गिझरला असतो तशा जाड पिनांचा. हॉस्टेलच्या खोलीत सगळे सॉकेट ६ अँपिअरचे आहेत. याचं काय करतात? आणि घरी लोडशेडिंग असतं, तेव्हा बॅटरीवर गेम चालेल का?

प्रतिसाद (अमरावतीहून, हॉस्टेलवालाच)

ताई, प्लगची काळजी करू नका. २३० वॅटचा चार्जर पूर्ण जोरात असतानाही साधारण एक-सव्वा अँपिअरच ओढतो, ६ अँपिअरच्या सॉकेटला ते जड नाही. अडचण फक्त पिनांच्या जाडीची आहे. १६ चा ६ मध्ये बसवणारा कन्व्हर्टर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. आयएसआय खुणेचा आणि अर्थिंगची पिन असलेलाच घ्या. ढिला बसणारा स्वस्तातला घेऊ नका, तो तापतो. खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे वॉर्डनला सांगून वायरमनकडून तपासून घ्या. आमच्याकडे लॅपटॉपच्या धातूच्या झाकणाला झिणझिण्या येत होत्या, अर्थिंग जोडल्यावर थांबल्या.

बॅटरीवर जड गेम विसरा. कार्डाला लागणारी वीज बॅटरी देऊ शकत नाही, त्यामुळे वायर काढली की लॅपटॉप आपणहून कार्डाचा वेग खाली आणतो. वीज गेली तर गेम सेव्ह करायला वेळ मिळतो, एवढंच धरून चाला. लॅपटॉप सतत प्लगला लावून राहणार असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय शोधून चालू करा. उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी हे दोन्ही एकत्र आलं की ती लवकर म्हातारी होते.

आणि ऑनसाइट वॉरंटी आहे असं दुकानदार म्हणाला, तरी कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून हॉस्टेलचा आणि घरचा असे दोन्ही पिनकोड सांगा. माणूस दारात येणार की लॅपटॉप नागपूरला पाठवावा लागणार, हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं.