सणानंतर उरलेल्या गोळ्या-चॉकलेटांचे घरगुती खेळ

प्रश्न : सण संपला, तरी गोळ्या-चॉकलेटांचा डबा अजून अर्धा भरलेला आहे. 5 आणि 9 वर्षांच्या मुलांसह सर्वांना खेळता येतील आणि खाणेही आटोक्यात राहील, असे खेळ कोणी सुचवू शकेल का?

उत्तर 1 : आमच्याकडे बरणीतल्या गोळ्यांचा अंदाज बांधण्याचा खेळ रंगतो. तळाच्या एका थरातील गोळ्या मोजून थरांच्या संख्येने गुणायला सांगितले, की मोठे मूल आपोआप गणितात शिरते. धाकटे मात्र बेधडक आकडा सांगून कधीकधी जिंकतेही.

उत्तर 2 : रंगीत आवरणाच्या गोळ्या पांढऱ्या ताटलीत कडेने मांडून मध्ये कोमट पाणी ओता. रंग विरघळून मध्याकडे सरकतात आणि काही काळ एकमेकांत न मिसळता पट्टे उमटवतात. त्या गोळ्या नंतर टाकून देणे आमच्या घरी फार जड गेले.

उत्तर 3 : नळीने गोळी ओढून उचलण्याचा खेळही छान आहे, परंतु गोळी नळीच्या तोंडापेक्षा मोठीच हवी. 4 वर्षांखालील मूल आसपास असल्यास कडक, गोल गोळ्या खेळात घेऊच नका. त्या घशात अडकू शकतात.