योकाई, चित्रकथा आणि कलादालन : परंपरेचा कस टिकतो का?

प्रश्न
जपानी चित्रकार ताकाशी मुराकामी यांच्या झगझगीत, कार्टूनच्या वळणाच्या चित्रांत अर्हत, म्हणजे निर्वाणपदाला पोहोचलेले बौद्ध साधक, आणि राक्षस दिसतात, तर शिगेरू मिझुकी यांच्या 'गेगेगे नो कितारो' या चित्रकथेत योकाई, म्हणजे जपानी लोककथांतील भुतेखेते, मुलांच्या ओळखीची होऊन वावरतात. लोकपरंपरा अशी चित्रकथा, खेळणी आणि कलादालने यांच्या हाती गेल्यावर तिचा कस टिकतो का? जाणकारांनी कृपया मत मांडावे.

प्रतिसाद १
योकाईंना बाजार नवा नाही. जपानी चित्रकार तोरियामा सेकिएन यांनी १७७६ साली लाकडी ठशांनी छापलेल्या पुस्तकात एकेक योकाई नावानिशी चितारला आणि त्यांची कित्येक रूपे तिथेच रूढ झाली. मिझुकींनी सेकिएनचा भरपूर आधार घेतला. मात्र साकाइमिनातो येथे बालपणी एका वृद्धेकडून ऐकलेल्या गोष्टीही त्यांच्या चित्रांत उतरल्या. म्हणून त्यांचे योकाई नुसते नकललेले वाटत नाहीत.

प्रतिसाद २
आमाबिएचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. लांब केस, चोच, अंगावर खवले आणि तीन पाय असलेला हा जलचर १८४६ साली हिगो प्रांताच्या समुद्रात प्रकटला, सहा वर्षे पीक चांगले येईल पण रोगराईही पसरेल असे त्याने सांगितले आणि आपले चित्र काढून लोकांना दाखवण्यास बजावले, असे त्या काळच्या एका छापील बातमीपत्रात आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत मिझुकींनी पूर्वी काढलेले आमाबिए त्यांच्या संस्थेने समाजमाध्यमांवर प्रसिद्ध केले. व्यावसायिक चित्रकारांपासून शाळकरी मुलांपर्यंत असंख्यांनी आपापले आमाबिए काढले आणि जपानच्या आरोग्य मंत्रालयानेही ते जनजागृतीसाठी वापरले. इथे चित्र पुन्हापुन्हा काढले जाणे हाच कथेचा गाभा आहे, त्यामुळे परंपरा पातळ झाली असे मला मुळीच म्हणवत नाही.

प्रतिसाद ३
आमाबिएबाबत सहमत आहे, परंतु किल्लीच्या साखळीवरच्या प्रत्येक योकाईला हे लागू होत नाही. तिथे अनेकदा कथा गळून केवळ गोंडस चेहरा उरतो. मुराकामींना मात्र त्या माळेत बसवू नये. जपानी पारंपरिक चित्रशैलीत डॉक्टरेट मिळवलेल्या या चित्रकाराने २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर, २०१२ मध्ये, पाचशे अर्हतांचे शंभर मीटर लांबीचे चित्र साकारले. त्यामागे तोक्योच्या झोजोजी मंदिरासाठी कानो काझुनोबू यांनी एकोणिसाव्या शतकात याच विषयावर रंगवलेल्या शंभर चित्रगुंडाळ्यांची प्रेरणा होती. काझुनोबूंचे काम त्यांच्या निधनानंतर पत्नी आणि शिष्याने पुरे केले. मुराकामींनीही चित्रकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा मोठा ताफा हाताशी घेतला होता.