जुने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मलावीला पाठवायचे आहेत

जर्सीकर: न्यू जर्सीतल्या आमच्या ग्रुपकडे मिनिटाला ५ लिटर देणारे १२ कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी मशिनं) कोविडपासून पडून आहेत. मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या बालविभागाला द्यायचेत. मशिनं १२० व्होल्टची आहेत. सोबत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर दिले की भागेल ना?

बायोमेडवाला: नाही भागणार. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी (वीज सेकंदाला किती वेळा आवर्तन घेते ते) तीच राहते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, मलावीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मागची प्लेट वाचा. नुसतं ६० हर्ट्झ लिहिलं असेल, तर तिथे कॉम्प्रेसर सुमारे सहाव्या हिश्श्याने हळू फिरणार, दाब आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरणार, वर मोटर तापणार ती वेगळीच. गांबियातल्या एका रुग्णालयाला २००० साली दान मिळालेले कॉन्सन्ट्रेटर तिथल्या विजेशी न जुळल्यामुळेच गोदामात गेले. फ्रिक्वेन्सी बदलणारा कन्व्हर्टर मिळतो, पण १२ मशिनांना १२ घ्यायचे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

वॉर्डइन्चार्ज: बॅटरीवाल्या छोट्या पोर्टेबलचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, म्हणून लोक तेच पाठवतात. त्यातले बरेचसे श्वास ओढला की तेवढ्यापुरताच ऑक्सिजन सोडतात. तान्ह्या बाळाचा श्वास त्यांना कळतच नाही. बालविभागात सलग प्रवाहच हवा. बाळाला मिनिटाला अर्धा ते एक लिटर पुरतो, त्यामुळे ५ लिटरच्या एका मशीनवर फ्लो स्प्लिटर (प्रवाह वाटून देणारा) लावून चार-पाच बाळं होतात. स्प्लिटर आणि लहान मापाच्या नेझल कॅन्युला (नाकात लावायच्या नळ्या) मात्र कोणी पाठवत नाही. आणि वीज गेली की मशीन बंद, म्हणून शेजारी भरलेला सिलिंडर लागतोच.

बायोमेडवाला: आणखी एक. न वापरता पडलेलं म्हणजे नवं नव्हे. आतलं झिओलाइट (हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे दाणे) हवेतली ओल शोषून निकामी होतं. मशीन आवाज करतं, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतात, बाहेर पडते ती जवळजवळ साधी हवा. पूर्ण ५ लिटरवर अर्धा तास चालवून ऑक्सिजनची शुद्धता मोजणारा अ‍ॅनालायझर लावा. ८२ टक्क्यांच्या खाली असेल तर ते कोणालाच देऊ नका. आणि काहीही पाठवण्याआधी रुग्णालयाचं लेखी होकारपत्र आणि तिथली करमाफी हातात हवी, नाहीतर माल बंदरात अडकतो आणि भाडं रुग्णालयाच्या माथी.

जर्सीकर: प्लेटवर नुसतं ६० हर्ट्झ आहे. मग तपासून इथल्याच मोफत दवाखान्याला देतो. मलावीसाठी पैसे जमवू.

वॉर्डइन्चार्ज: उत्तम. तिथे २३० व्होल्टचं मशीन घेताना दोन वर्षांचे फिल्टर आणि स्टॅबिलायझर त्याच बिलात बसवा. देशात सर्व्हिस मिळणारी कंपनी कुठली, ते रुग्णालयाच्या तंत्रज्ञालाच विचारा.