उंदराच्या डोक्यावरचं सिमेंट तिसऱ्या आठवड्यात सुटतं, काय करावं?

प्रश्न | हिप्पोकॅम्पसवाला
नमस्कार मंडळी. नागपुरात पीएचडी करून राहिलो आहे. प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आहे. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा स्मरणशक्तीशी संबंधित भाग) इलेक्ट्रोड बसवून दोन महिने नोंदी घ्यायच्या असतात. ते धरून ठेवायला कवटीवर दातांचं कोल्ड क्युअर ॲक्रिलिक (आपोआप घट्ट होणारं सिमेंट) टोपीसारखं लावतो, पावडर-लिक्विडवालं. सुरुवातीला पक्कं बसतं, पण तिसऱ्या आठवड्यात टोपी वेगळी अन् उंदीर वेगळा. थर आणखी जाड करू का?

पिंजरेवाले काका
आधी झाकण पाहा. खाद्याची जाळी खाली लोंबत असेल तर टोपी रोज तिला घासते. आम्ही अशा उंदरांना उंच झाकणाचा पिंजरा देतो अन् खाद्य खाली टाकतो.

दातवाली ताई
जाड थर अजिबात नको. 25 ग्रॅमचा जीव तो, डोक्यावर किती ओझं वाहील? शिवाय ॲक्रिलिक सेट होताना तापतं, थर जाड तितकी उष्णता जास्त, आणि खाली मेंदू आहे.

मुळात हे हाडाला चिकटतच नाही. खाचांमध्ये शिरून अडकतं, एवढंच. वर सेट होताना 6-7 टक्के आकसतं. निघालेली टोपी उलटी करून पाहा. आतून गुळगुळीत असेल तर कवटी नीट तयार झाली नव्हती. ओलसर पापुद्रा किंवा पू दिसला तर खाली पेरिऑस्टियम (हाडावरचा पातळ पडदा) राहिलं किंवा संसर्ग झाला.

पेरिऑस्टियम पूर्ण खरवडायचं, स्काल्पेलने हलक्या आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, रक्त थांबवून हाड खडूसारखं पांढरं दिसेपर्यंत कोरडं करायचं. मग आधी 4-मेटावालं (4-मेटा म्हणजे चिकटवणारं रसायन) ॲडहेसिव्ह रेझिन सिमेंट पातळ लावायचं, ॲक्रिलिक त्याच्यावर. महाग आहे, पण एका उंदराला थेंबभरच लागतं. दाताच्या इनॅमलवर करतात ते एचिंग (ॲसिडने पृष्ठभाग खरबरीत करणं) इथे डोळे झाकून करू नकोस. इनॅमल 96 टक्के खनिज असतं, हाडात प्रथिनं भरपूर.

आणि मे महिन्यात आपल्याकडे 45 डिग्रीत लाइट गेली की एसी बंद, मग मिश्रण खाचांत उतरायच्या आधीच घट्ट होतं. काचेची वाटी अन् लिक्विड गार ठेवत जा.

हिप्पोकॅम्पसवाला
ताई, आतून आरशासारखी गुळगुळीत आहे! कडेला केसही अडकलेत. अन् टोपी पक्की धरायला कवटीत स्क्रू लावायचं काय?

दातवाली ताई
केस म्हणजे कातडी सिमेंटखाली गेली. कडा मोकळ्या ठेव, नंतर टिश्यू ग्लूने टोपीच्या काठाला टेकव. स्क्रू रॅटला (मोठ्या जातीच्या उंदराला) ठीक. आपल्या छोट्या उंदराची कवटी इतकी पातळ की आटा अर्धा फिरला की टोक ड्युरावर (मेंदूवरच्या आवरणावर). लावायचाच तर सेरेबेलमवर (मागच्या लहान मेंदूवर) एक, नोंदींच्या तुलनेचा रेफरन्स म्हणून.

पिंजरेवाले काका
अन् पेनकिलर शुद्धीवर यायच्या आधीच द्या भाऊ. दुखलं की ते पंजाने ओरबाडतात.

हिप्पोकॅम्पसवाला
मेलोक्सिकॅम (पेनकिलर) देतो काका, पण सर्जरी झाल्यावर. आता आधीच देतो. ताई, लाइट क्युअरचं कंपोझिट (प्रकाशाने घट्ट होणारं दातांचं फिलिंग) चालेल का? शेजारच्या क्लिनिकमधली प्रकाश टाकायची जुनी गन मिळून राहिली आहे.

दातवाली ताई
चालेल, पण खाली बाँडिंग एजंट (चिकटवणारा पातळ थर) हवाच. 2 मिमीपेक्षा जाड थर एकदम क्युअर करू नकोस, तळ कच्चा राहतो. जुन्या गनची तीव्रता कमी झालेली असते, आधी मोजून घे.