जुन्या आउटबोर्डचा गिअर रिमोटवरून नीट पडत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, देवबागला आमची छोटी फायबरची होडी आहे, मागे जुनं ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन). १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हापासून इंजिन झाकूनच होतं, आता काढलं तर रिमोटचा (म्हणजे चालवणाऱ्याजवळचा, केबलने इंजिनला जोडलेला डबा) दांडा पुढे ढकलताना एवढा जड की गिअर पडायच्या आधीच रेस वाढते आणि मग खाडकन पडतो. न्यूट्रलला आणला तरी पाण्यातला पंखा हळूहळू फिरतच राहतो, जेटीला लावताना जीव वर येतो हो! रिव्हर्स तर कधी धरतो कधी नाही.

काल इंजिन बंद करून दोन्ही केबल इंजिनच्या बाजूने सोडवल्या. थ्रॉटलची (रेसची) एकदम हलकी चालते, गिअरची मात्र सोडल्यावरही जडच. आणि इंजिनवरचा गिअरचा लिव्हर हाताने हलवला, पंखा हाताने थोडा फिरवत, तर पुढे-न्यूट्रल-मागे तिन्ही व्यवस्थित पडतात. म्हणजे खालचा गिअरबॉक्स ठीक असावा असं मला वाटतंय. पण दोष केबलचा की रिमोटच्या डब्याचा हे कसं ओळखायचं? डब्याचे स्क्रू गंजून बसलेत, मोडतील म्हणून हात लावला नाही. काका म्हणतात केबलमध्ये ऑइल सोड, पण आत मीठ धरलं असेल तर चार दिवसांनी परत तेच ना?

नवीन घ्यायची तर लांबी जुन्या केबलवरूनच मोजू का, आणि दोन्ही एकदम बदलू का? बसवताना न्यूट्रल नेमका मधे कसा आणायचा तेही कोणीतरी सांगा, फोटो संध्याकाळी टाकतो.